‘काही खातच नाही!’ : मुलांच्या जेवणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतले आईबाप, आजी-आजोबा आणि पाळणाघर चालवणाऱ्या ताई यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं साधारण एक ते दहा वर्षांच्या मुलांना धरून आहेत. त्याहून लहान बाळाचा विषय असेल तिथे तसं सांगितलं आहे.

1. वर्षाची होईपर्यंत वाटीभर मऊभात संपवायची. आता पावणेदोन वर्षांची आहे आणि दोन घासांत तोंड फिरवते. काय बिघडलं?

बहुतेक वेळा काहीच नाही. हिशोब करून बघा. जन्मताना 3 किलोचं बाळ वर्षाचं होताना साधारण 9 किलोचं होतं, म्हणजे बारा महिन्यांत 6 किलो वाढ. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम सव्वादोन-अडीच किलोने वाढतं आणि पुढची काही वर्षं वर्षाला 2 किलोच्या आसपास. वाढ मंदावली की भूक मंदावते. वाटी मात्र आपण तीच धरून बसतो.

एक ढोबळ माप हाताशी ठेवा: वयाची जितकी वर्षं, तितके मोठे चमचे (15 मिलीचे) प्रत्येक पदार्थाचे. दोन वर्षांच्या मुलीला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी आणि अर्धा फुलका हे पूर्ण जेवण झालं. मागितलं तर परत वाढा. एका दिवसावरून निकाल लावू नका. मुलं मंगळवारी चिमणीएवढं खातात आणि गुरुवारी तीन फुलके मागतात. आठवड्याचा हिशोब मात्र सहसा जुळतो.

2. गेल्या महिन्यापर्यंत आवडीने खाल्लेली भोपळ्याची भाजी आता ताटात दिसली तरी रडतो. हा हट्ट कुठून आला?

दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाची भीती सर्वांत जास्त असते. मूल चालू लागतं, आईच्या हातावाचून कुठेही पोचतं, आणि नेमक्या त्याच वेळी तोंडात काहीही घालण्याबद्दल सावध होतं. रानावनात राहणाऱ्या माणसाच्या पिल्लाला ही सावधगिरी उपयोगाची होती. चाळीत किंवा टॉवरमध्ये तिचा त्रासच होतो.

अनोळखी म्हणजे काय, हे मूल ठरवतं. भोपळा काल फोडींचा होता आणि आज चिरडलेला आहे, म्हणजे त्याच्या लेखी तो दुसराच पदार्थ. पोळी अर्धी तुटून आली तरी रडणं त्यातलंच.

कडू चवीचं गणित वेगळं आहे. नवजात बाळसुद्धा गोड थेंबाला चेहरा सैल सोडतं आणि कडू थेंबाला तोंड वेडंवाकडं करतं. शिवाय प्रत्येकाची जीभ सारखी नसते. 1931 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून एका रसायनाची भुकटी हवेत उडाली. शेजारचा सहकारी ‘किती कडू!’ म्हणून कुरकुरला, फॉक्स यांना काहीच चव लागली नाही. हा फरक आनुवंशिक आहे हे पुढे कळलं. तेव्हा एकाच घरात थोरली मेथी मिटक्या मारत खाते आणि धाकटा ओकारी काढतो, यात संस्कार कमी पडलेले नसतात.

3. नवा पदार्थ आवडायला किती वेळा द्यायचा? आम्ही तीन-चारदा देऊन सोडून दिला.

तिथेच चुकतं. लीअॅन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांतून आणि नंतरच्या कामातून साधारण 8 ते 15 वेळा हा आकडा पुढे आला. निव्वळ दाखवून भागत नाही, जिभेला लागावं लागतं. करायचं असं:

ताटात ओळखीचे दोन पदार्थ आणि नवा एकच. नव्याचं प्रमाण वाटाण्याच्या दाण्याएवढं. जेवणाच्या सुरुवातीला, भूक असताना वाढा. शेवटी वाढलं तर पोट भरलेलं असतं. चाटलं, चावलं आणि काढून टाकलं तरी ती एक वेळ मोजा. थुंकायला शेजारी रिकामी वाटी ठेवा, म्हणजे ताटात घाण होत नाही आणि कुणी ओरडत नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. मधल्या वेळात त्या भाजीबद्दल भाषण नको, ‘बघ किती छान’ हेसुद्धा नको. कॅलेंडरवर काट मारत गेलात तर कळेल की पंधरा वेळा म्हणजे महिना-सव्वा महिना जातो.

पालेभाजीची सुरुवात मेथीने करू नका. लाल माठ घ्या. तो कडू नसतो, आणि त्याचं पाणी भाताला लागलं की भात गुलाबी होतो. तो रंग बघायला म्हणून तरी मूल चमचा फिरवतं. त्यानंतर पालक, मग चवळी, आणि मेथी मूगडाळ घालून सर्वांत शेवटी.

4. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हे चालतं का?

आज चालतं, पुढच्या महिन्यात नाही. बक्षिसासाठी खाल्लेला पदार्थ मुलांना नंतर आधीपेक्षाही कमी आवडतो, असं प्रयोगांत दिसलं. मुलाचं तर्कशास्त्र सरळ आहे: ज्याच्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार.

आपल्या ताटाची जुनी रीत इथे कामाला येते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे आणि सणाला शिरा किंवा श्रीखंड त्याच ताटात, त्याच वेळी. गोड शेवटी राखून ठेवायचं नाही. घरात गोड केलंच असेल तर एक छोटा चमचा जेवणाबरोबरच वाढा आणि ते आधी खाल्लं तरी काही बोलू नका. परत मात्र मिळणार नाही.

5. पूर्वीची मुलं असे नखरे करत नव्हती. आत्ताच हे काय झालंय?

पूर्वीची मुलंही तोंड फिरवत असणार; प्रश्न 2 मधली जीभ शंभर वर्षांत बदललेली नाही. आजूबाजूचं सगळं बदललं.

गिरणगावापासून सुरुवात करू. 1920 च्या दशकात कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला ‘बाळागोळी’ देत. तिच्यात अफू असे. गुंगीतलं पोर रडत नसे आणि दूधही मागत नसे. त्या घरात ‘चोखंदळ’ हा शब्द कशाला असेल? मग 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. पुढे अमेरिकेतून आलेला लाल मिलो (एक प्रकारची ज्वारी) रेशनवर मिळू लागला आणि 1972 च्या दुष्काळात सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ वाटला गेला. मिलोची भाकरी कुणाच्याच आवडीची नव्हती. तरी ती खाल्ली गेली, कारण दुसरी भाकरी नव्हती. आजोबा ‘आम्ही सगळं खायचो’ म्हणतात ते खरं आहे, फक्त त्या ‘सगळ्या’त पदार्थ चार-पाचच होते.

मुलांचं जेवण म्हणजे काहीतरी फिकं आणि वेगळं, ही कल्पना बरीचशी पाश्चात्त्य. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत लोणची, कालवं, अगदी कॉफीसुद्धा मुलांच्या वाट्याला येई. 1894 मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर एमेट होल्ट यांचं बालसंगोपनाचं पुस्तक आलं आणि घड्याळ लावून दूध, मोजून मापून बेचव जेवण, असा शिरस्ता पडला. 1921 मध्ये तिथल्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात मुलांसाठी निराळं मेनूकार्ड निघालं, 1928 मध्ये गर्बर कंपनीच्या गाळलेल्या भाज्या डब्यात आल्या. 1946 मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांनी जबरदस्ती करू नका म्हणून सांगितलं. तोवर ‘मुलांचं खाणं’ हे निराळं दुकान थाटलं गेलं होतं.

आपल्याकडे मऊभात, पेज, नाचणीचं सत्त्व हे सुरुवातीच्या महिन्यांपुरतं. सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात हलकं, हितकर अन्न सुरू करायला सांगितलं आहे. उष्टावणाचा मुहूर्तही त्याच सुमाराचा, आणि 2001 पासून जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिने पूर्ण झाल्यावरच वरचं अन्न द्या म्हणते. त्यानंतर मूल घरच्याच आमटीवर येई, फक्त तिखट घालण्याआधी त्याची वाटी काढून ठेवायची. हे मोडलं गेल्या चाळीसेक वर्षांत. 1983 मध्ये मॅगी आली, घरोघरी फ्रिज आले, बिस्किटाचा पुडा हाताला येईल अशा फळीवर आला. मूल ‘नको’ म्हणालं की दोन मिनिटांत दुसरं काही करून देता येऊ लागलं. आमच्या मते नखऱ्यांचं मूळ या दुसऱ्या पातेल्यात आहे.

6. ‘शरीराला काय हवं ते मुलाला बरोबर कळतं’ म्हणतात. मग त्याच्या मनावर सोडावं का?

हे विधान क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टर बाईंच्या प्रयोगावरून आलंय आणि अर्धंच सांगितलं जातं. 1926 पासून त्यांनी नुकतंच वरचं अन्न सुरू होणाऱ्या 15 बाळांपुढे सुमारे 34 पदार्थांतले निवडक पदार्थ वाट्यांत मांडले. नर्स चमचा घेऊन गप्प बसायची. बाळाने वाटीकडे हात केला तरच चमचा भरायचा, आणि तोंड उघडलं तरच घास द्यायचा. कुणी केळ्यांवर ताव मारला, कुणी एका बैठकीत भरमसाट अंडी खाल्ली; पण वाढ सगळ्यांची उत्तम झाली. मुडदूस झालेल्या एका बाळापुढे कॉड लिव्हर ऑइल ठेवलं होतं. बरं होईपर्यंत ते आपणहून प्यायलं, नंतर सोडलं.

आता त्या 34 पदार्थांची यादी बघा: दूध, अंडी, मासे, मटण, काळीज, बीट, पालक, कोबी, ओट, बार्ली, फळं. साखर नाही, बिस्किट नाही, तळलेलं नाही. गोम आहे ती इथे, आणि डेव्हिस बाईंनी 1939 मध्ये ती स्वतःच सांगितली. मांडलेल्यातून निवड मुलाची, काय मांडायचं ते मोठ्यांनी ठरवायचं.

7. म्हणजे रोजच्या घरात नेमकं कुणी काय ठरवायचं?

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात केलेली वाटणी आजही सर्वांत सुटसुटीत आहे. काय, केव्हा आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. दिवसाला तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, दोहोंत अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये फक्त पाणी. एका बैठकीला 20 ते 30 मिनिटं, मग ताट उचला, चेहरा न पाडता. पहिले चार-पाच दिवस मूल तासाभराने येऊन खायला मागेल. ‘साडेचारला खाऊ आहे’ एवढंच सांगा. बहुतेक घरांत ही पद्धत तिसऱ्या दिवशी मोडते, कारण कुणीतरी हळूच बिस्किट देतं.

8. जेवत नाही, पण दूध चार-पाच वेळा पितो. निदान तेवढं तरी पोटात जातंय ना?

त्यामुळेच जेवत नाही. वर्षानंतर दिवसाला 400 ते 500 मिली पुष्कळ झालं, दही-ताक त्यातच धरा. लिटरभर दुधाने पोट भरतं, बद्धकोष्ठ होतो आणि लोह कमी पडतं, कारण दुधात लोह जवळपास नसतं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 6 ते 59 महिन्यांची 67 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. हिमोग्लोबिन 11 (ग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली असेल तर त्या पाहणीत रक्तक्षय धरला होता, आणि रक्तक्षयाने भूक आणखी मरते.

मुंबईत दुधाला एक मान आहे. 1949 मध्ये आरेची दूध वसाहत उभी राहिली, पहाटे केंद्रावर रांग लावून आणलेली बाटली म्हणजे मुलाची तब्येत, हे डोक्यात बसलं. तेव्हा दूध मोजकंच मिळत असे, ही गोष्ट राहून गेली.

कमी करताना बाटली आधी बंद करून पेला द्या. दर तीन दिवसांनी एक वेळ कमी करा. जेवणाच्या आधीच्या दोन तासांत दूध नको. पावडरी घालून गोड केलेलं दूध सर्वांत शेवटी सुटतं. पावडरीचा चमचा आठवड्याला पाव-पाव कमी करत जा.

9. आजी मागे ताट घेऊन फिरते, मोबाइल लावला की वाटी संपते. काम होतंय, मग काय हरकत?

वाटी संपते, भूक शिकली जात नाही. पडद्याकडे बघणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही आणि तोंडात काय गेलं तेही कळत नाही. म्हणजे प्रश्न 3 मधल्या पंधरा वेळा मोजायच्या राहतात. आजींना नियम सांगू नका, त्यांना काम द्या. चिऊचा घास, काऊचा घास हा खेळ पडद्यापेक्षा शंभर पट बरा, फक्त एका जागी बसून आणि मूल ‘पुरे’ म्हणेपर्यंतच. मोबाइल सोडवताना आधी एकच जेवण निवडा, शक्यतो सकाळचं, कारण रात्री सगळेच दमलेले असतात.

10. पाळणाघरात फरसबीसुद्धा खातो, घरी नाही. ताई खोटं सांगतात का?

नाही. चार मुलं पंगतीत बसली की एकमेकांचं बघून खातात; न आवडणारी भाजी शेजारच्या मुलांनी खाल्ली म्हणून मुलं ती खाऊ लागल्याचं बर्च बाईंनी 1980 मध्येच दाखवलं होतं. पालिकेच्या शाळेतली खिचडीही याच न्यायाने संपते. घरी मूल एकटं जेवतं आणि मोठे दहाला. आठवड्यातून तीन रात्री तरी एकाच वेळी, एकाच भाजीवर बसा.

11. शाळेचा डबा तसाच परत येतो. काय द्यावं?

आधी ‘कसं’ ते बघा, ‘काय’ नंतर. डबा पहाटे सहाला भरला जातो आणि दहाच्या सुट्टीत उघडतो. गरम पोळी भरून झाकण लावलं की वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला जमते, तिचे थेंब खाली टपकतात, वरची पोळी लगदा होते आणि खालची चिवट. म्हणून पोळ्या जाळीवर किंवा कागदावर दहा मिनिटं सुट्या पसरा, तूप लावा, गार झाल्यावरच भरा. भाजी परतून पाणी आटवलेली हवी.

सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची. त्यात डबा उघडायचा, खायचं आणि खेळायचंही. एका हातात मावेल असं द्या: गुंडाळलेली पोळी तिरकी कापून, लहान थालीपीठं, धिरड्याचे तुकडे, मुटके, पोळीचा लाडू. मुलाला झाकण स्वतः उघडता येतं का, हे घरी करून बघा. चार वर्षांच्या मुलांचे कितीतरी डबे केवळ घट्ट झाकणामुळे परत येतात. नवा पदार्थ डब्यात कधीच नको. त्याची जागा घरच्या ताटात.

पावसाळ्यात आणि मे महिन्यात ओल्या नारळाची चटणी आणि बाहेर राहिलेला रात्रीचा भात टाळा. भातात तग धरणारे जंतू दमट हवेत झपाट्याने वाढतात, आणि त्यांचं विष नुसतं गरम करून जात नाही. फोडणीचा भात करायचा तर भात रात्रीच फ्रिजमध्ये गेलेला हवा.

12. पालक पराठ्यात, गाजर इडलीत लपवून दिलं तर?

पोषण म्हणून द्या, शिकवण म्हणून मोजू नका. न दिसलेली भाजी ओळखीची होत नाही. पराठ्याशेजारी पालकाचं एक परतलेलं पान ठेवा. आणि लपवल्याचं मुलाला कळलं तर पराठाही जातो, हा धोका लक्षात घ्या.

13. मासे कुठल्या वयात आणि कुठले? आणि घर शाकाहारी असेल तर?

सात-आठ महिन्यांपासून शिजवलेला मासा कुस्करून चालतो. सुरुवातीला पापलेट किंवा सुरमईचा काप. काटा मोठा असतो, सरळ निघतो. बोंबलाचा काटा मऊ असतो, तरी मधला काढून टाका. बांगडा बोटांनी दोनदा चाचपून. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मे महिन्यात गोडी लागलेलं मूल नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा नाक मुरडतं. प्रश्न 3 पासून परत सुरू करा.

शाकाहारी घरात लोहासाठी मोड आलेली कडधान्यं, हाळीव, पालेभाज्या. वर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा नको. बी-12 वनस्पतींतून मिळत नाही, त्यासाठी दूध-दही हवंच. अंडं चालत असेल तर प्रश्न बराचसा सुटतो.

14. तीन वर्षांचा झाला तरी मिक्सरमधून काढलेलंच खातो. दाणा लागला की ओकारी.

बहुधा गुठळ्यांची ओळख उशिरा झाली. दहा महिन्यांच्या आत दाणेदार अन्न मिळालं नाही, तर पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त राहतात, असं ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत दिसलं. आता मिक्सर थांबवा आणि रवी घ्या. आठवडाभर घुसळलेलं वरणभात, पुढच्या आठवड्यात काट्याने दाबलेलं, मग मऊ फोडी. वाटीत एकच पोत ठेवा. पातळ वरणात तरंगणारा एकटा दाणा सर्वांत जास्त घाबरवतो.

ओकारी आणि घास अडकणं वेगळं. ओकारीत मूल खोकतं, आवाज येतो. अडकलं की आवाज बंद होतो, तोंड निळं पडतं. तेव्हा लगेच मुलाला पुढे वाकवून पाठीत जोरात थापट्या मारून घास काढायची वेळ असते. चार वर्षांखाली अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत. द्राक्षं उभी चिरून.

15. भूक लागायचं टॉनिक, जंताचं औषध, दृष्ट काढणं: यातलं काय करावं?

भुकेच्या अनेक सिरपांत सायप्रोहेप्टाडीन असतं. ते मूळ अॅलर्जीचं औषध. भूक वाढते, सोबत झोपही येते, आणि औषध थांबलं की भूक पूर्ववत. डॉक्टरांनी दिल्याशिवाय नको. जंताची गोळी सरकारी कार्यक्रमात वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाडीत मिळते: दोन वर्षांपुढे अल्बेंडाझोल 400 मिग्रॅ, एक ते दोन वर्षांत अर्धी. ती चुकवू नका. दृष्ट खुशाल काढा, फक्त मिरच्यांचा धूर मुलापासून लांब.

16. खडू, भिंतीचा रंग, माती खाते. हाही नखराच का?

नाही. रक्त तपासा, लोह बहुधा कमी निघेल. जुन्या इमारतीतला सुटलेला रंग खात असेल तर शिशाचीही तपासणी करायला सांगा. लोह भरलं की ही खोड बऱ्याच मुलांची जाते. रागावून जात नाही.

17. हे सगळं करूनही सात-आठच पदार्थ खातो. नखरे कुठे संपतात आणि आजार कुठे सुरू होतो?

माता-बाल संरक्षण कार्डावरचा वाढीचा आलेख काढा आणि गेल्या तीन-चार वेळचे ठिपके जोडा. रेघ खालच्या पट्टीत उतरत असेल, वजन घटत असेल, खाल्लेले पदार्थ वीसपेक्षा कमी असून महिन्यागणिक गळत असतील, एकच ब्रँड किंवा एकाच रंगाचं अन्न चालत असेल, गिळताना दुखत असेल किंवा एकदा घास अडकल्यापासून मूल घाबरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. 2013 पासून मानसविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात याला वेगळं नाव आहे: ARFID. अशी मुलं बारीक व्हायचं म्हणून नाही, तर भीतीने किंवा स्पर्श-वास न सोसल्याने खाणं टाळतात. स्वमग्न मुलांत हे जास्त दिसतं. तिथे ‘भूक लागली की खाईल’ असं म्हणून प्रश्न 7 मधली पद्धत लावू नका. ही मुलं खरोखर उपाशी राहतात. गिळण्याचे आणि चर्वणाचे थेरपिस्ट मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या बालविकास विभागात असतात. जाताना सात दिवसांची वही न्या: वेळ, पदार्थ, किती चमचे, किती मिनिटं, आणि त्या वेळी समोर कोण बसलं होतं.